परसात कळलावी: प्रकल्प नोंदी

२ जून २०२४

पाठीमागच्या परसातील मधुमालती या उन्हाळ्यात मुळासकट काढावी लागली. बारा वर्षांत तिने पत्र्याचे छप्पर एका बाजूने उचलले होते आणि पन्हळीत इतका पाला साठवला होता, की मागच्या पावसाळ्यात स्वयंपाकघराची भिंत आतून ओली झाली. मोकळ्या जागेत पुन्हा वेलच हवी, पण छपरावर भार न टाकणारी, पावसाबरोबर येऊन हिवाळ्यात आपोआप नाहीशी होणारी आणि आपल्याकडच्या रानातली, असा विचार करून मी कळलावीची निवड केली आहे. चोरल, पातालपाणी या बाजूला पावसाळी सहलीला गेलेल्या बहुतेक इंदूरकरांनी ती झुडपांच्या डोक्यावरून डोकावताना पाहिलेली असते. नाव मात्र सहसा ठाऊक नसते.

घरात हा बेत सांगताच काकूंनी (वय ८१) जपमाळ खाली ठेवली. "अरे, नावातच कळ आहे तिच्या. आमच्या ग्वाल्हेरच्या वाड्यात चुकून उगवली तरी उपटून टाकत. दारात कळलावी म्हणजे घरात भांडण!" काकूंचे म्हणणे हसण्यावारी नेण्याजोगे नाही, कारण ही समजूत मराठी घरांत सर्वत्र आढळते. कळ लावणे म्हणजे भांडण पेटवून देणे, हा अर्थ रोजच्या बोलण्यातला आहे. नावाचा दुसराही एक उलगडा केला जातो: अडलेल्या बाळंतिणीला कळा याव्यात म्हणून सुइणी पूर्वी हिचा कंद वापरीत, म्हणून ती कळलावी. संस्कृतात तिला गर्भपातिनी म्हटले आहे, ते याच अंगाने. लांगली हे नाव नांगराच्या आकाराच्या कंदावरून आले आणि अग्निशिखा हे फुलावरून.

मला स्वतःला भांडणापेक्षा दुसऱ्या अर्थाची भीती अधिक वाटते. या वेलीच्या सर्व भागांत, आणि कंदात व बियांत सर्वांत जास्त, कोल्चिसिन नावाचे विष असते. गाठिया वातावर डॉक्टर ते अगदी मोजून देतात. पेशींचे विभाजन थांबवणे हा त्याचा गुण आहे, आणि मात्रा वाढली तर तोच गुण माणसाच्या जिवावर उठतो. कंद पोटात गेला तर काही तासांत उलट्या आणि जुलाब सुरू होतात, पुढे अवयव निकामी होत जातात, आणि त्यावर हुकमी उतारा नाही. सुट्टीला आलेली चार वर्षांची नात घरात असताना ही गोष्ट नोंदवहीच्या पहिल्याच पानावर असलेली बरी. ठरवलेले नियम असे, की कंद हाताळताना रबरी हातमोजे घालायचे, वेल अंगणात न लावता कडी लागणाऱ्या परसातच लावायची, आणि नातीला सुरुवातीपासून "हे फूल बघायचे, हात लावायचा नाही" असे सांगत राहायचे.

९ जून २०२४

खंडवा रोडवरच्या एका रोपवाटिकेत तीन कंद मिळाले. तेथे 'कळलावी' म्हटल्यावर कोणाला काही समजेना. 'कलिहारी' म्हणताच माळ्याने आतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी आणली. हे कंद जंगलातून खणून आणलेले नाहीत ना, अशी मी दोनदा चौकशी केली. औषधासाठी बेसुमार खोदाई झाल्याने बऱ्याच रानांतून ही वेल दिसेनाशी झाली आहे, आणि हौसेपायी त्यात भर घालण्याची माझी इच्छा नव्हती. कंद कुंड्यांत वाढवलेले होते. तमिळनाडूत तर बियांसाठी हिची रीतसर शेती होते. हिचे फूल त्या राज्याचे राजपुष्पही आहे.

स्वयंपाकघरातला काटा वापरायचा नाही असे सौभाग्यवतींनी बजावल्यामुळे टपालाचा जुना काटा काढून वजने घेतली. पहिला कंद ६२ ग्रॅम, दुसरा ४८ आणि तिसरा ३१ ग्रॅम भरला. प्रत्येक कंद म्हणजे जाड बोटासारखे दोन हात, एका टोकाला काटकोनात जोडलेले. साल पातळ, तपकिरी आणि सोललेल्या रताळ्याइतकी गुळगुळीत. दोन्ही हातांच्या टोकांशी तांदळाच्या दाण्याएवढा फिकट कोंब असतो आणि साऱ्या वर्षाची भिस्त त्या दोन दाण्यांवर असते, कारण कंदाच्या बाकी अंगावर डोळे नसतात. बटाट्यासारखे त्याचे तुकडे करून लावता येत नाहीत. कोंब मोडला, की तो हात वाया गेला. पुडी उघडताना तिसऱ्या कंदाचा एक कोंब कागदाला घासून सोलवटला. तो धरेल असे वाटत नाही.

१६ जून २०२४

लागवड झाली आणि, काकूंच्या मते, कळही लागली.

मोठा कंद जमिनीतच लावायचा असा माझा आग्रह होता. सौभाग्यवतींचे म्हणणे, "अहो, आपली काळी माती आहे ही. पाणी पडलं की चार दिवस चिखल. गेल्या साली तिथेच हळद कुजली, विसरलात का?" मी म्हटले, की माळव्यातल्या रानात ही वेल वाढते ती काळ्या मातीच्याच मुलखात. त्यावर त्यांनी विचारले, की रानात ती उतारावर मुरमात असते की डबक्यात? प्रश्न बिनतोड होता, पण तोवर मी खड्डा खणून बसलो होतो. आमचा आवाज चढलेला ऐकून काकू खिडकीतून म्हणाल्या, "कंद अजून मातीत गेला नाही, आणि बघा."

शेवटी ६२ ग्रॅमचा कंद दक्षिणेकडच्या भिंतीपाशी जमिनीत लावला आणि उरलेले दोन्ही कंद दोन मोठ्या कुंड्यांत. कुंडीतल्या मिश्रणात एक भाग काळी माती, एक भाग जाड वाळू आणि एक भाग घरचे कंपोस्ट घातले. तळाच्या भोकांवर खापऱ्या ठेवल्या. कंद आडवा निजवून त्यावर चार बोटे माती लोटली.

हे कंपोस्ट इंदूर पद्धतीचे आहे, हे लिहिताना थोडा गावाभिमान होतो. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत होते, आणि पालापाचोळा, शेण, माती आणि राख यांचे थर रचून, ढीग ठरावीक दिवसांनी उलथून खत करण्याची त्यांनी तेथे बसवलेली पद्धत जगभर 'इंदूर' याच नावाने ओळखली जाते. आज त्या जागी कृषी महाविद्यालय आहे. आमचा ढीग फेब्रुवारीत रचला होता. आता त्यात पान ओळखू येत नाही आणि वास पहिल्या पावसाच्या मातीसारखा येतो.

४ जुलै २०२४

दुसऱ्या कंदाचे (४८ ग्रॅम) दोन्ही कोंब वर आले. बाणाच्या टोकासारखे, गुंडाळलेल्या पानांचे, जांभळट हिरवे. तिसऱ्याचा अपेक्षेप्रमाणे एकच आला. जमिनीतल्या कंदाची काहीच हालचाल नाही. पाऊस चांगला लागला आहे.

१३ जुलै २०२४

धीर न धरवून जमिनीतला कंद उकरून पाहिला. साल शाबूत होती, पण बोट लावताच आत गेले. आतला गर पांढऱ्या लापशीसारखा झाला होता आणि आंबलेला वास येत होता. खड्ड्याच्या तळाशी दोन इंच पाणी उभे होते. काळी माती ओली झाली की फुगते, तिच्या बारीक कणांतून पाणी खाली जात नाही, आणि कंदाला हवा मिळत नाही. रानात हाच कंद दगडांच्या फटीत किंवा झुडपांच्या मुळांमध्ये निजलेला असतो, तेथे पाणी येते आणि जाते.

सौभाग्यवती काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त हळदीची आठवण म्हणून तो खड्डा स्वतः बुजवला. जवळजवळ निम्मी पुंजी अशी गेली.

२१ जुलै २०२४

कुंड्यांतील वेली झपाट्याने वाढत आहेत. दुसऱ्या कंदाचे दोन्ही धुमारे आज साडेतीन फुटांच्या पुढे गेले. हिच्या चढण्याची रीत मला पूर्वी माहीत नव्हती. काकडी किंवा दोडक्याला असतो तसा वेगळा ताणा हिला नसतो. पानाचे टोकच निमुळते होत होत तारेसारखे लांबते आणि आधाराला दोन-अडीच वेढे घालते. खालची पाने साधी असतात, कारण तेथे आधाराची गरज नसते. वरच्या पानांना मात्र ही आकडी येते. आज सकाळी एका पानाच्या टोकाजवळ सुतळी धरून ठेवली होती, दुपारच्या जेवणापर्यंत टोक तिच्यावर वळलेले होते.

येथेच माझा दुसरा अंदाज चुकला. मधुमालतीसाठी केलेला दीड इंची लोखंडी पाइपांचा मांडव तयार होता, म्हणून मी निश्चिंत होतो. पण इतक्या जाड पाइपाला पानाचे टोक वेढा घालूच शकत नाही, ते नुसते चाचपडते आणि वेल घसरून खाली येते. माळ्याकडून तुराट्यांची मोळी मागवली. वाळलेल्या तुरीच्या या काड्या बोटापेक्षा बारीक आणि भरपूर फाटे असलेल्या असतात. त्या कुंडीत रोवून वरचे शेंडे मांडवाला सुतळीने बांधले. दोन दिवसांत वेलीने त्या अशा पकडल्या, की आता काढू म्हटले तरी निघणार नाहीत.

३ ऑगस्ट २०२४

ही नोंद लिहिताना संकोच वाटतो. दोन धुमाऱ्यांपैकी एक शेजारच्या कुंडीतल्या कढीपत्त्याकडे झुकत होता, त्याला वळवून तुराटीत अडकवावे म्हणून मी हात घातला आणि तो जमिनीपासून वीतभर उंचीवर कट्कन मोडला. पाण्याने भरलेली नळी मोडावी तसा. कळलावीचे खोड दिसते लवचीक, पण असते काकडीसारखे ठिसूळ. बुडाशी दुसरा डोळा नसल्याने मोडलेला धुमारा त्या वर्षी पुन्हा फुटत नाही. उरलेल्या चार पानांवर खाली नवा कंद जेवढा पोसला जाईल तेवढाच. यापुढे वेलीला न वळवता आधार वेलीकडे न्यायचा.

११ ऑगस्ट २०२४

काल रात्री धडधाकट असलेल्या वेलीची वरची सात पाने सकाळी निम्मी झाली होती. पाने उलटून पाहिल्यावर अळ्या सापडल्या: काळ्याभोर, अंगावर पांढरे ठिपके आणि मधूनमधून नारिंगी लाल डाग, जणू कोणी बारीक मणी ओवून केल्यासारख्या. या लिली पतंगाच्या अळ्या आहेत. लिलीवर आणि कळलावीवर त्यांची उपजीविका चालते. ज्या पानांनी गुरे दगावू शकतात तीच पाने त्या रात्रभरात फस्त करतात, आणि अंगावरचे भडक रंग बहुधा पक्ष्यांना हेच सांगण्यासाठी असतात.

औषध फवारण्याचा विचार सोडून दिला, कारण पुढे फुलांवर फुलपाखरे यावीत अशी इच्छा आहे. हातमोजे घालून एकेक अळी वेचली आणि साबणाच्या पाण्यात टाकली. एकूण तेवीस निघाल्या. या अळ्या मातीत शिरून कोश करतात, म्हणून कुंडीच्या वरच्या दोन बोटे मातीचा थर काढून बदलला. आठवडाभर रोज कंदील घेऊन रात्री नऊला एक फेरी ठरवली आहे. नातीने पलीकडून विचारले, "आजोबा, तुम्ही झाडाच्या उवा काढताय?" यापेक्षा नेमके वर्णन मला करता आले नसते.

२४ ऑगस्ट ते २ सप्टेंबर २०२४

पहिली कळी उमलली. दहा दिवस रोज सकाळी सात आणि सायंकाळी पाच वाजता एकाच फुलाचे निरीक्षण केले, ते एकत्र लिहितो.

कळी हिरवी, खाली मान घातलेली, शिवलेल्या थैलीसारखी. पहिल्या दिवशी सहा पाकळ्या सुट्या झाल्या, पण खालीच लोंबत होत्या, रंग पोपटी. दुसऱ्या दिवशी त्या मागे वळू लागल्या. बुडाशी पिवळा रंग चढला आणि कडांना लाटा पडल्या, मराठी शाळेतल्या मुलीच्या रिबिनीला पडतात तशा. तिसऱ्या दिवशी सहाच्या सहा पाकळ्या सरळ आभाळाकडे उभ्या राहिल्या आणि वरचा अर्धा भाग शेंदरी झाला. हीच ती ज्वाला. फूल खाली तोंड करून असते आणि पाकळ्या वर जातात, म्हणून दुरून ते चुलीतल्या जाळासारखे दिसते. पुढे पिवळा रंग दिवसागणिक खाली सरकत गेला, सहाव्या दिवशी फूल पूर्ण लाल झाले आणि नवव्या दिवशी किरमिजी. पाकळ्या गळाल्या नाहीत, कागदासारख्या वाळून चिकटून राहिल्या. एकाच वेलीवर वेगवेगळ्या वयाची फुले असल्यामुळे पोपटी, पिवळा, शेंदरी आणि लाल हे सारे रंग एकदम दिसतात.

सर्वांत विलक्षण गोष्ट आहे कुक्षिवृंताची, म्हणजे पराग झेलणाऱ्या कुक्षीच्या देठाची. सहा पुंकेसर (पराग देणारे तंतू) चाकाच्या आऱ्यांसारखे चहूकडे पसरतात, आणि मधला वृंत मात्र अंडाशयापासून निघताच काटकोनात मोडल्यासारखा बाहेर वळतो, जणू फूल स्वतःच्या परागापासून तोंड फिरवून बसले आहे. फुलपाखराचे पंख पुंकेसरांना घासावेत आणि पुढच्या फुलाच्या कुक्षीवर पराग टेकवावेत, अशी ती योजना. आमच्या परसात फुलपाखरे थोडी, म्हणून १ सप्टेंबरला सकाळी नऊ वाजता रंगाच्या कुंचल्याने एका फुलाचे पराग दुसऱ्याच्या कुक्षीवर लावले. तमिळनाडूतले शेतकरीही सकाळी हाताने हेच करतात. पाच फुलांना लावले. हे करताना पुढच्या लाल बियांचा विचार केला नाही, ही चूक पुढे निस्तरावी लागेल.

तिसऱ्या कंदाची वेल चार फुटांवर थांबली आहे, कळी नाही. ३१ ग्रॅमच्या कंदाकडून फुलांची अपेक्षा करणे अन्यायाचे होते.

११ सप्टेंबर २०२४

आज गौरीपूजन. रत्नागिरीच्या विहीणबाई सणासाठी आल्या आहेत. परसात जाताच त्या थबकल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, गौरीचे हात! इंदुरात कुठून आणलेत?" कोकणात कळलावीला हेच नाव आहे, आणि भाद्रपदात गौरीच्या पूजेसाठी बायका ही फुले रानातून मुद्दाम शोधून आणतात. वर वळलेल्या पाकळ्या म्हणजे देवीची बोटे.

काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मुखवट्यांना शालू नेसवून झाल्यावर त्यांनी मला बोलावले. "चार फुलं आण. पण तांब्याच्या भांड्यात, एका बाजूला. नैवेद्याजवळ नकोत, पत्रीत तर नकोतच. आणि हात धुऊन ये." जून महिन्यात मी आखलेल्या नियमांपेक्षा हा नियम अधिक काटेकोर होता, म्हणून तो त्याच पानावर लिहून घेतला. फुले गौरीच्या डाव्या हाताला, पाटापासून दूर, नातीचा हात पोहोचणार नाही अशा कोनाड्यात ठेवली. वेलीवर सात उरली.

२० ऑक्टोबर २०२४

फुले संपली. एकूण अकरा आली. कुंचला लावलेल्या पाचांपैकी तिघांना शेंगा धरल्या, बाकी कोणालाही नाही.

१७ नोव्हेंबर २०२४

पाने टोकाकडून पिवळी पडत आहेत. हा रोग नाही. वेल आपले सारे सामान खाली कंदात उतरवते आहे. पाणी देणे बंद केले. नर्मदेचे पाणी आमच्याकडे एक दिवसाआड येते आणि सवयीने हातात झारी येते, म्हणून कुंड्या ओळीतून उचलून छपराखाली वेगळ्या ठेवल्या.

१५ डिसेंबर २०२४

शेंगा बोटभर लांब, फिकट हिरव्या, सुरकुतलेल्या. उकलल्या की आत शेंदरी लाल टपोऱ्या बिया दिसतात, आणि लहान मुलाला गुंजांइतक्याच त्या मोहात पाडतील. म्हणून उकलण्याची वाट न पाहता तिन्ही शेंगांना मलमलीच्या पिशव्या बांधल्या होत्या. आज त्या पिशवीसकट कापल्या. एकीत बावीस, दुसरीत सतरा, तिसरीत नऊ बिया निघाल्या. बीपासून फूल यायला तीन ते चार वर्षे लागतात, आणि तेवढी वर्षे विषारी बिया घरात जपण्याइतकी माझी हौस दांडगी नाही. सगळ्या बिया परसाच्या कोपऱ्यात दोन फूट खोल पुरल्या. वाळलेल्या वेली कंपोस्टच्या ढिगात घातल्या नाहीत, वेगळ्या जाळल्या आणि धूर घराकडे येणार नाही असे पाहिले.

९ फेब्रुवारी २०२५

कुंड्या आडव्या करून कंद काढले. जूनमध्ये लावलेले कंद उरलेलेच नाहीत. त्यांच्या जागी कागदाच्या पुडीसारखी पोकळ साल सापडली. दरवर्षी जुना कंद आटतो आणि प्रत्येक धुमाऱ्याच्या बुडाशी नवा तयार होतो. दुसऱ्या कंदाच्या कुंडीत फुललेल्या वेलीखाली ६६ ग्रॅमचा कंद मिळाला आणि मी मोडलेल्या धुमाऱ्याखाली अवघा १९ ग्रॅमचा. चार पानांची कमाई तेवढीच. तिसऱ्या कंदाच्या कुंडीतल्या न फुललेल्या वेलीने मात्र ३१ चे ४५ ग्रॅम केले.

यंदा जमिनीत लावायचेच झाले तर भिंतीपाशी दीड फूट उंच विटांचा वाफा करून, खाली मुरूम आणि वर कुंडीचेच मिश्रण घालायचे, असे सौभाग्यवतींशी ठरले. विटा किती लागतील यावर मतभेद आहे. त्या नव्वद म्हणतात, माझा हिशेब साठचा आहे.

२५ फेब्रुवारी २०२५

तिन्ही कंद कोरड्या वाळूत, पत्र्याच्या डब्यात ठेवून डबा कोठीच्या खोलीत ठेवला होता. उद्या महाशिवरात्र. आज दुपारी उपासासाठी दोन किलो रताळी आली आणि ती नेहमीप्रमाणे त्याच खोलीत, त्याच फळीवर, डब्याला खेटून ठेवली गेली. मी पाहिले तेव्हा रंगात आणि सालीत फरक सांगणे मलाही क्षणभर जड गेले. डबा ताबडतोब हलवला, झाकणाला कुलूप लावले आणि माळ्यावर चढवला. काकूंनी जाड कागदावर लाल शाईने "विष" लिहून दिले, खाली लहान अक्षरांत "गौरीचे हात, नग तीन", आणि चिठ्ठी डब्याच्या चारही बाजूंना दिसावी म्हणून तशाच आणखी तीन करून दिल्या. रताळी परत मोजली. चौदा होती, चौदाच भरली.